बाजूला बसवलेली फाईल

मागच्या मंगळवारी सकाळी शाळेत पहिला तास घेताना तू कोसळलीस आणि दुपारी दवाखान्यात तुझा मृत्यू झाला. डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं. आपलं शेवटचं बोलणं आदल्या संध्याकाळी झालं होतं. ते बाबांच्या कॉम्प्युटरवरच्या अँटीव्हायरसबद्दल होतं, आणि ते पूर्ण झालं नाही.

अर्चना, तू माझ्या धाकट्या भावाची, सुनीलची बायको. ही माहिती तुझ्यासाठी नाही, वाचणाऱ्यांसाठी आहे. तुझं माहेर, शिक्षण, शाळेतली नोकरी, तुझ्या वर्गांचे निकाल, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. मी मागच्या रांगेत होते. तुझ्या माहेरचं आडनाव चुकलं, बाकी तपशील बरोबर होता. कॉम्प्युटरचा उल्लेख कोणी केला नाही.

मला तुझा हेवा वाटायचा, असं इथे आधी लिहिलं होतं. ते वाक्य खोडलं. क्रियापदाचा काळ चुकला होता. वाटतो.

शहराच्या गोरखपूर भागातल्या आपल्या घरात, खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूच्या छोट्या खोलीत तो कॉम्प्युटर आहे. तू या घरात आलीस त्याच्या आधीपासून एक ना एक कॉम्प्युटर त्या टेबलावर असायचाच. मी वर्तमानपत्राच्या पुरवणीचं काम बघते, त्यामुळे संध्याकाळी घरी असते. उरलेली कॉपी, म्हणजे छापायला जाणारा मजकूर, मी त्या खोलीत बसून टाइप करायचे. बाबा शेजारच्या वेताच्या खुर्चीत बसायचे. आम्ही फारसं बोलत नसू. बाबा चष्मा कपाळावर ढकलून पडद्याकडे बघत आणि मध्येच म्हणत, "हे लांब झालं." ते संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले. पास, नापास किंवा दुरुस्तीला परत, एवढेच निर्णय त्यांनी नोकरीभर दिले, आणि माझ्या वाक्यांनाही ते तेच देत. आई गेल्यानंतर बाबांचा आणि माझा तेवढाच काय तो वेळ होता. त्याला आम्ही काही नाव दिलं नव्हतं. तुला तो दिसत होता की नाही, हे आता विचारता येणार नाही.

मग तो भोंगा वाजला.

रविवार होता. बाबा पेन्शनची पावती बघायला बसले होते. कुठल्या तरी जाहिरातीवर बोट पडलं असेल. पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला आणि एक बाई हिंदीत सांगू लागली की आपका कंप्यूटर लॉक कर दिया गया है, फ़ौरन इस नंबर पर फ़ोन कीजिए. मी स्वयंपाकघरात होते, म्हणजे मध्ये एक भिंत. तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस. बाबांनी हाक मारली ती तुला. "अर्चना बेटा, खाली ये."

मी आधी पोचले. माउसकडे हात नेला तर बाबा म्हणाले, "तू नको हात लावू. तिला येऊ दे."

तू आलीस. पदर खोचलेला, एका हातात चिमट्यांची पिशवी. पडद्याकडे न बघता तू आधी बाबांकडे बघितलंस. "फोन केला काय कुठं?"

"नाही. नंबर लिहून घेतला."

"फाडा तो." मग दोन-तीन कळा एकदम दाबून ती खिडकी बंद केलीस. भोंगा थांबला. "व्हायरस नाही जी हा. भामटा आहे. दारात उभा राहून बोंबलून राहिला, घरात आलाच नाही."

बाबांनी कागद फाडला. मीही तेच केलं असतं आणि त्याच कळा दाबल्या असत्या. याला साक्षीदार नाही.

त्याच आठवड्यात बाबांनी जाहीर केलं की घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटीव्हायरस घ्यायचा, आणि तो रीतसर घ्यायचा. बाबांच्या रीतीचा अर्थ आपल्याला माहीत होता. कारखान्यात सुतळीचा गुंडा घ्यायचा झाला तरी तीन कोटेशन लागत. आधी माल कसा आहे ते बघायचं, भाव नंतर उघडायचा. सुनील रेल्वेतून दोन दिवसांच्या सुटीवर आला होता, तेव्हा बाबांनी जेवणाच्या टेबलावर बैठक बसवली. सुनील, तू आणि मी, असे तीन पुरवठादार. पिहूला, तुझ्या मुलीला, प्रेक्षक म्हणून बसायची परवानगी मिळाली.

सुनीलचं कोटेशन सर्वात छोटं होतं. "आमच्या ऑफिसात एक जण पेन ड्राइव्हवर टाकून देते. महागवाला आहे, पण क्रॅक केलेला. फुकट."

बाबा म्हणाले, "चोराकडून कुलूप घेऊन दाराला लावायचं काय?" सुनील तिथेच बाद झाला.

माझं कोटेशन टाइप केलेलं होतं. कॉम्प्युटरच्या विंडोजमध्ये स्वतःचं संरक्षण असतं, ते चालू ठेवावं. अपडेट आला की लगेच घ्यावा, पुढे ढकलू नये. रोजच्या वापराचं खातं वेगळं असावं आणि त्याला नवीन काही बसवायचा अधिकार नसावा. जाहिराती अडवणारी सोय ब्राउझरमध्ये लावावी, कारण भोंगे तिथूनच येतात. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. दोन अँटीव्हायरस कधीही एकत्र ठेवू नयेत. ते एकमेकांनाच पकडत बसतात. विकत घ्यायची गरज नाही. त्या टिपणात एकही चूक नव्हती. आजही नाही.

तू काहीच लिहून आणलं नव्हतंस. वरणाला फोडणी देऊन आलीस आणि उभ्यानेच विचारलंस, "बाबा, भोंगा परत वाजला तर फोन कोणाला कराल?"

"तुला."

"मी वर्गात असते."

"मग शैलाला."

"ताई मीटिंगमध्ये असतात. उचलत नाहीत."

बाबांनी मान हलवली. तू म्हणालीस, "तर मग ज्याच्याकडे फोन उचलणारा माणूस आहे, हिंदीत बोलणारा, चिडत नाही असा, तो घ्यायचा. व्हायरस तर सगळेच पकडतात, थोडं इकडं थोडं तिकडं."

बाबांनी माझं टिपण पुन्हा एकदा वाचलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं हे मी नोंदवते. मग म्हणाले, "शैलाचा माल चांगला आहे. पण त्याला फोन नाही." निर्णय झाला. 'मग शैलाला' हे शब्द मात्र माझ्याकडे राहिले. त्यांची नोंद बैठकीत दुसऱ्या कोणी घेतली नाही.

खरेदीला आपण तुझ्या स्कूटरवरून गेलो. बाबांनी मला तुझ्याबरोबर मुद्दाम पाठवलं, कारण कारखान्यात खरेदीला एकटा माणूस जात नाही. गोहलपूरच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात जागा एवढी कमी होती की मी पायरीवर उभी होते. दुकानदाराने एक डबी पुढे केली.

"दीदी, ये ले जाओ. सब यही ले जाते हैं."

"सब क्या ले जाते हैं, वो नहीं पूछा भैया. इसमें फ़ोन कौन उठाता है?"

"कंपनी वाले उठाते हैं, दीदी."

"अच्छा? तो अभी लगा के देखते हैं."

तू डबीवरचा नंबर तिथल्या तिथे लावलास. दुकानदार हसत होता, मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. पलीकडून कोणी तरी उचलला. तू त्याला विचारलंस की घरात म्हातारा माणूस असेल आणि त्याला माउसचं डावं बटण कोणतं आणि उजवं कोणतं हे कळत नसेल तर तुम्ही काय करता. त्याने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. तू डबी पिशवीत टाकलीस.

मला लोकांना प्रश्न विचारायचा पगार मिळतो. तो प्रश्न मला सुचला नव्हता.

परत येताना सिग्नलवर तू मान वळवून म्हणालीस, "ताई, तुमचं पान मी वाचते बरं. पहिलं वाक्य काढून टाकत जा. दुसऱ्यापासून चांगलं होतं." तेव्हापासून मी पहिलं वाक्य काढते. हे ऑफिसात कोणाला माहीत नाही, तुलाही सांगितलं नव्हतं.

तू तो प्रोग्राम बसवलास आणि त्याची भाषा मराठी केलीस, बाबांना वाचता यावं म्हणून. त्यात मुलांसाठीच्या बंधनांना 'पालक नियंत्रण' असं लिहिलं होतं. पिहू घरात मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. तिने ते वाचलं आणि विचारलं, "मम्मी, इसमें पालक का क्या काम? मेथी भी कंट्रोल होगी?" बाबांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. तिच्या खेळांच्या फायली ज्या साइट्सवरून उतरत होत्या त्या सगळ्या त्या दिवशी बंद झाल्या. हसणं तेवढ्यावर थांबलं.

पहिल्या तपासणीत काही सापडलं. पिहूच्याच एका खेळाबरोबर आलेलं, जाहिराती दाखवणारं आणि कुठे काय बघता ते बाहेर कळवणारं काही तरी. पडद्यावर आलं : फाईल विलगित केली.

बाबांनी ते मोठ्याने वाचलं. "विलगित म्हणजे?"

मी सांगितलं, "विलगीकरण. बाकीच्या फायलींपासून वेगळी ठेवली आहे. पुसलेली नाही, पण चालूही शकत नाही."

बाबांच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. तू म्हणालीस, "बाजूला बसवली, बाबा."

"अच्छा," बाबा म्हणाले. "किती दिवस?"

"चार दिवस नाही हो. कायमची. न्हाऊन आली तरी घरात नाही घ्यायची."

बाबा हसले. ते या विषयावर हसू शकतात हे मला माहीत नव्हतं. आई विटाळ पाळायची. त्या दिवसांत मला याच मागच्या खोलीत बसावं लागे. ताट उंबऱ्यापर्यंत येई आणि बाबा त्या दिवसांत खोलीकडे बघत नसत. नोकरी लागल्यावर मी ते बंद पाडलं. त्यासाठी आईशी बोलणं सोडलं, आणि ते बराच काळ सोडलेलं राहिलं. त्यानंतर 'बाजूला बसणं' हा शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता.

पिहू खोलीतून गेल्यावर मी तुला म्हटलं, "हा शब्द मी या घरातून काढला होता."

तू माउस फिरवत होतीस. "शब्द रिकामा पडून होता, ताई. कामाला लावला."

त्यानंतर घरात तो रुळला. बाबा फोनवर सुनीलला सांगत, "आज एक बाजूला बसली." शेजारचे काका विचारायला आले तर त्यांनाही तोच शब्द मिळाला. विलगीकरण हा शब्द अचूक आहे, छापता येतो, कोणाला लागत नाही. तो एकदाही कोणी वापरला नाही. मी जिच्यासाठी आईशी भांडले ती गोष्ट तू एका वाक्यात विनोदाची करून टाकलीस, आणि बाबांना तुझीच रीत आवडली. हेव्याची सुरुवात इथून धरायला हरकत नाही. आधीचं सगळं किरकोळ होतं.

नंतरची घटना मागच्या महिन्यातली. मी ऑफिसातून आले तेव्हा बाबा दारातच उभे होते.

"शैला, तुला बाजूला बसवलं."

मी चपला काढता काढता थांबले. त्यांनी दुरुस्ती केली. "तुझ्या त्या टायपिंगवाल्याला."

इथे थोडं सांगावं लागेल. आमच्या पिढीतली डेस्कवरची माणसं जुन्या टाइपरायटरच्या कळांवर शिकली. 'क' कुठे आहे हे बोटांना माहीत असतं, डोक्याला नसतं. त्या कळा आताच्या कॉम्प्युटरवर चालाव्यात म्हणून एक लहानसा प्रोग्राम लागतो. तो प्रत्येक कळ मध्येच अडवतो, वाचतो आणि बदलून पुढे देतो. माझ्याकडचा ऑफिसातून पेन ड्राइव्हवर आला होता. तो कोणी बनवला हे कोणालाच माहीत नाही आणि आमच्याकडे तो सगळेच वापरतात. पासवर्ड चोरणारं स्पायवेअरही आधी हेच करतं : मध्ये बसतं आणि कळा वाचतं. पुढे ते वाचलेलं बाहेर पाठवतं, एवढाच फरक. अँटीव्हायरसच्या नव्या अपडेटला तो फरक दिसला नाही, किंवा दिसला आणि पुरेसा वाटला नाही.

मी आत येऊन तुला म्हटलं, "यात सूट द्यायची सोय असते. एक खूण करायची फक्त. कर."

"असते. पण नाही करत, ताई."

"का?"

"बाबा पेन्शनचा पासवर्ड इथंच टाकून राहिले ना. तुमचा प्रोग्राम तो वाचतो. पाठवत नसेल कुठं, मान्य आहे. पण वाचतो तर."

"म्हणजे मी बाबांवर पाळत ठेवून आहे?"

"मी प्रोग्रामचं बोलून राहिली. तुम्ही काहून अंगावर घेता?"

"इतकी वर्षं तो इथे आहे. कधी काही झालं?"

"सासूबाई पण असंच म्हणत असतील," तू म्हणालीस. "इतकी वर्षं चालत आलं म्हणून."

बाबा दोघींच्या मध्ये उभे होते. ते म्हणाले, "तपासणीत मतभेद झाला तर माल होल्डवर ठेवतात. राहू दे तिथंच." तू सुचवलंस की मी नवा कीबोर्ड शिकावा, पिहू शिकवेल. नाही तर फोनवर बोलून टाइप करावं, आजकाल होतं. मी दोन्हीला नाही म्हटलं.

त्या संध्याकाळपासून मी कॉपी ऑफिसातच पूर्ण करायला लागले आणि उशिरा घरी यायला लागले. घरी आले की मागच्या खोलीतून आवाज येत. बाबा वेताच्या खुर्चीत असत आणि माझ्या खुर्चीवर तू. तू तिथे बसायला लागलीस, हा आरोप नाही, घटना आहे. तू त्यांना तपासणी कशी लावायची ते शिकवत होतीस. अपडेट झाला की नाही ते कोपऱ्यातल्या चिन्हावरून कसं ओळखायचं, बँकेच्या नावाने आलेल्या निरोपात पत्ता कसा बघायचा, हेही. बाबा विद्यार्थ्यासारखे चुका करत आणि तू त्यांना शाळेतल्या पोरांसारखी रागवत होतीस. "बाबा, ध्यान कुठं आहे? खिडकी बंद करा म्हटलं तर ही काहून बंद करून राहिले, थंडी वाजून राहिली काय?" उठून भिंतीची खिडकी लावत होते ते. मी जिन्यात उभी राहून ते ऐकलं. बाबा एवढे हसतात हे मला तुझ्यामुळे कळलं. ते आता भोंग्याला घाबरत नाहीत, हेही तुझ्यामुळे. याबद्दल तुझे आभार मानायला हवेत आणि ते मी इथे मानते. मात्र त्या खोलीत मी इतकी वर्षं बसत होते आणि त्यांना वाक्य लांब झालं यापलीकडे माझ्याशी बोलायला काही सापडलं नव्हतं, हेही खरं आहे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

सोमवारी संध्याकाळी तू ओट्याशी होतीस. मी पाणी प्यायला आले.

"ताई, एक रस्ता आहे," तू म्हणालीस. "फाईल कंपनीला पाठवता येते. ते उघडून पाहतात, चांगली आहे का वाईट. पाठवू?"

"तुझी कंपनी, तुझाच निकाल."

"माझी कुठून आली? तुम्ही पण होत्या ना दुकानात. पायरीवर."

"वाईट निघाली तर?"

"तर नवा कीबोर्ड शिकायचा."

"आणि चांगली निघाली तर?"

तू गॅस बारीक केलास आणि माझ्याकडे वळलीस. "ताई, खरं सांगा. तुम्हाला फाईल पाहिजे का मी हरलेली पाहिजे?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तू हसलीस. माझ्यावर नाही, त्या उत्तरावर. मलाही थोडं हसू आलं. मागच्या कित्येक आठवड्यांत आपण एकत्र हसलो असू तर तेव्हाच. "चलो, उद्या पाहू," तू म्हणालीस. "कुकर होऊन राहिला." मी ग्लास विसळून ठेवला आणि वर गेले.

उद्या काय झालं ते सुरुवातीला लिहिलं आहे. तू ती फाईल कंपनीला पाठवलीस की नाही, याची पुष्टी झालेली नाही. तुझा फोन पिहूकडे आहे आणि तो तिने अजून कोणाला दिलेला नाही.

मेलेल्या माणसाशी वाद हा एकतर्फी असतो असं लोक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. तू बोलत नाहीस, त्यामुळे तुझा मुद्दा होता तिथेच उभा आहे आणि दिवसेंदिवस नीटनेटका होत चालला आहे. माझा मुद्दा मला रोज नव्याने मांडावा लागतो, आणि ऐकणारं कोणी नाही.

ग्वारीघाटावर तुझ्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा तुझ्या शाळेतल्या मुली आल्या होत्या, त्यांच्या आया आल्या होत्या, आणि तो गोहलपूरचा दुकानदारही. त्याला कोणी कळवलं ते माहीत नाही. तो सुनीलला म्हणाला, "भाभीजी एक ही बार आई थीं दुकान पे. पर ऐसा ग्राहक याद रहता है." फुलं विकणाऱ्या बाईने मला विचारलं, "आप मैडम की कौन?" तिची मुलगी तुझ्या वर्गात होती. मी म्हटलं, ननद. तिने फुलांचा द्रोण माझ्या हातात दिला आणि पुढच्या माणसाकडे वळली. नावेत जागा नव्हती म्हणून मी घाटावर थांबले. बाबा नावेत होते. इतकी माणसं माझ्यासाठी येतील का, याचा हिशेब मी तिथे उभी राहून केला. असा हिशेब तिथे करू नये हे मला समजत होतं आणि तरी केला. सुनीलने पाण्यात हात घातला तेव्हा बाबांनी तुझं नाव घेतलं. ते काठापर्यंत ऐकू आलं.

लग्न होऊन आलेल्या बाईला घर आपलं करायला वेळ लागतो, असं आपल्यात धरून चालतात. तुला लागला नाही. तू भांड्याकुंड्यांना, देवघराला, आईच्या साड्यांच्या कपाटाला हात लावला नाहीस. ते सगळं मला सोडलंस. मला वाटलं तुला त्याची हाव नाही. तू फक्त बाबांना भीती कुठे वाटते ते शोधलंस आणि तिथे जाऊन बसलीस. मी या घरात जन्मले आणि मला ती जागा माहीत नव्हती. याचा राग तुझ्यावर काढणं अन्याय आहे, असं सुनीलने मला काल सांगितलं. तो बरोबर आहे. पण त्याने काही बदललं नाही.

तू असतीस तर पुढचं मी तुला सांगितलं नसतं. तुला आधीच कळलं असतं.

शनिवारी संध्याकाळी अँटीव्हायरसची मुदत संपल्याचा निरोप पडद्यावर आला. सुनील पिहूला घेऊन तुझ्या माहेरी गेला होता. घरात बाबा आणि मी होतो. बाबांनी मला हाक मारली. ते वेताच्या खुर्चीत बसले आणि मला कीबोर्डपुढे बसायला सांगितलं. फोन त्यांच्या हातात होता, आवाज मोठा केलेला. नंबर त्यांना पाठ होता. पलीकडे एक तरुण आवाज आला.

"नमस्ते. किस नाम से रजिस्टर है?"

"अर्चना."

"मैडम से बात हो सकती है?"

बाबांनी फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "नहीं. मैं ससुर बोल रहा हूँ उनका."

"कोई बात नहीं अंकल. कंप्यूटर पर कौन बैठा है?"

"शैला बैठी है."

तो मला एकेक पायरी सांगत गेला आणि मी करत गेले. मध्ये तो म्हणाला, "अंकल, क्वारंटीन में एक फ़ाइल पड़ी है, कीबोर्ड वाली. डिलीट कर दें या वापस ले लें?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत होते. मी काही बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं असं मला वाटतं, पण ते तपासून बघितलेलं नाही.

"अर्चना ने बिठाई है," बाबा म्हणाले. "बैठी रहने दो."

"ठीक है. और नाम? वही रहेगा या बदलना है?"

बाहेर रस्त्यावरून भाजीची गाडी जात होती आणि भाजीवाल्याची हाक पुढे निघून गेली.

"वही रहेगा."

पडद्यावर नावाची चौकट रिकामी होऊन पुन्हा आली. मी इंग्रजी अक्षरांत तुझं नाव टाइप केलं. बाबांनी ते वाचून बघितलं आणि पास केलं. प्रोग्रामची मुदत एका वर्षाने वाढली आहे.